अंदमानची सहल: फेरीबोट, भरती-ओहोटी आणि सात रात्रींचा बेत

अंदमानचा बेत बहुतेक जण पाहण्याच्या ठिकाणांची यादी करून सुरू करतात आणि तिथेच घोटाळा होतो. या बेटांवर तुमचा दिवस तीन गोष्टी ठरवतात: फेरीबोटीची वेळ, भरती-ओहोटी आणि लवकर मावळणारा सूर्य. या तिन्ही आधी कागदावर मांडल्या की ठिकाणं आपापल्या जागी बसतात. खालचा क्रम पहिल्यांदाच जाणाऱ्या आणि सात रात्री हाताशी असलेल्या कुटुंबासाठी आहे. रात्री कमी असतील तर काय गाळायचं, तेही पुढे आहे.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. हॅवलॉकचं अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. पोर्ट ब्लेअर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर आणि सरकारी फलकांवर नवी नावं दिसतात, रिक्षावाले आणि हॉटेलवाले सर्रास जुनी वापरतात. तिकीट काढताना दोन्ही माहीत हवीत, म्हणजे चुकीच्या बेटाची बोट निवडली जात नाही.

महिना आणि तिथी

नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तो ओसरत नाही तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचा पाऊस येतो आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा एक हंगामही तेव्हाच असतो. म्हणून खात्रीचा काळ जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. त्यातही फेब्रुवारीपासून समुद्र सर्वांत शांत असतो आणि पाण्याखालचं स्वच्छ दिसतं.

शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या घरांपुढे दिवाळी, नाताळ आणि उन्हाळा एवढेच पर्याय उरतात. यात आम्ही एप्रिलचा शेवटचा आठवडा सुचवू. उकाडा असतो, घाम निथळतो, पण बोटी चालतात. दिवाळीत आठवडाभर पाऊस लागला तर बोटी रद्द होऊन सगळी साखळी तुटते. नाताळात हवा उत्तम असते, मात्र बोटींची तिकिटं आणि खोल्या फार आधी संपतात.

महिना ठरला की तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी, ओहोटी खोल आणि प्रवाह जोरकस. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाह सौम्य. फक्त स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहायला जाणाऱ्यांना अष्टमीचे दिवस सोयीचे. नीलचा नैसर्गिक पूल (कातळाची कमान) आणि ओहोटीत उघडे पडणारे कातळ नीट पाहायचे असतील तर उधाणाचे दिवस चांगले. हॅवलॉकच्या खारफुटीत रात्री कयाक घेऊन चमकणारं पाणी पाहायचं असेल तर अमावस्येच्या जवळच जा. पौर्णिमेच्या उजेडात ते जवळजवळ दिसत नाही.

तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब इथे लावू नका. तो तिकडच्या किनाऱ्याचा आहे आणि अंदमानात तास-तास चुकतो. ‘पोर्ट ब्लेअर’ नावाने मिळणारं भरती-ओहोटीचं कोष्टक उतरवून घ्या आणि सहलीच्या प्रत्येक दिवसापुढे दोन भरत्या, दोन ओहोट्या लिहून ठेवा. रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. पोर्ट ब्लेअर त्याच्याही सुमारे १० अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य तिथे घड्याळाच्या ४० मिनिटं पुढे धावतो. मुंबईशी तुलना केली तर हा फरक सव्वा तासाच्या वर जातो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि साडेपाचला अंधार पडलेला असतो.

याचा अर्थ, नऊला नाश्ता आणि दहाला बाहेर ही सवय इथे अर्धा दिवस खाते. पाच-साडेपाचला उठा, सातपर्यंत पाण्यात असा, अकरा ते अडीच सावलीत काढा आणि सूर्यास्ताच्या किनाऱ्यावर चारलाच पोचा. सकाळी वारा कमी असतो, त्यामुळे पाणीही तेव्हाच जास्त नितळ असतं.

तिकिटं कोणत्या क्रमाने काढायची

पहिलं विमान, दुसरी फेरीबोट, तिसरी खोली. हॉटेलात सवलत दिसली म्हणून आधी खोली घेणाऱ्यांना नंतर त्या दिवसाची बोटच मिळत नाही.

विमान वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरतं. महाराष्ट्रातून बहुधा चेन्नई किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागतं; तिथून पुढे साधारण दोन तास. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात, पण प्रवास साधारण तीन दिवसांचा. ठरावीक सुट्टीत ते बसत नाही.

बेटांदरम्यान दोन प्रकारच्या बोटी आहेत. मक्रूझ, नॉटिका आणि ग्रीन ओशन या खासगी कंपन्यांच्या बोटींची तिकिटं ऑनलाइन मिळतात. वेगवान खासगी बोट पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड तासाच्या आसपास घेते. सरकारी बोट स्वस्त, थोडी संथ, दोन ते अडीच तासांची. ती फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. खासगी बोटी बहुतेक हॅडो धक्क्यावरून निघतात. धक्का चुकला तर बोट चुकली असंच समजा, म्हणून तिकिटावरचं नाव चालकाला वाचून दाखवा.

सुटण्याच्या तासभर आधी पोचा. मूळ ओळखपत्र तपासतात, सामान स्कॅन होतं, आणि तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं. मुलांची ओळखपत्रंही जवळ ठेवा.

बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेगवान खासगी बोटींचा मुख्य कक्ष बंद आणि वातानुकूलित असतो, सगळ्याच बोटींवर बाहेर मोकळ्या हवेत उभं राहता येत नाही. सरकारी बोटीवर बहुधा डेकवर जाता येतं. बोट लागते ती कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारं चित्र जुळत नाही म्हणून. उपाय असे: डॉक्टरांना विचारून गोळी प्रवासाच्या निदान एक तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. जागा बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यायची, नजर क्षितिजावर ठेवायची आणि मोबाइल खिशात.

साखळी आखताना एक नियम मोडू नका: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठण्याचा बेत कागदावर बसतो, पण वारा वाढला की बोट रद्द होते आणि त्या दिवसाचे सगळे अडकलेले प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या बोटींवर तुटून पडतात.

सात रात्री अशा वाटा

१. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर. दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाश कार्यक्रम.
२. दुसरी, तिसरी, चौथी रात्र हॅवलॉक. सकाळच्या बोटीने जा.
३. पाचवी आणि सहावी रात्र नील. हॅवलॉकहून थेट बोट असते, सुमारे तासाभराची.
४. सातवी रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. दुपारी रॉस बेट किंवा विश्रांती. आठव्या दिवशी विमान.

पाचच रात्री असतील तर नील गाळा, हॅवलॉकला तीन ठेवा. दोन्ही बेटं एकेका रात्रीत उरकण्यापेक्षा एक नीट पाहा. प्रत्येक बदलीत बॅगा भरणं, जेट्टीवर थांबणं, प्रवास आणि खोली मिळेपर्यंतची वाट यांत अर्धा दिवस जातो. नऊ-दहा रात्री असतील तर उत्तरेला दिगलीपूर जोडा. तिथे रॉस (पोर्ट ब्लेअरजवळचं नव्हे) आणि स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जोडबेटं आहेत आणि अंदमानातलं सर्वांत उंच शिखर, सॅडल पीक, आहे. पट्टा ओहोटीतच पूर्ण उघडा पडतो.

सेल्युलर जेलला दोन ते अडीच तास द्या. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मध्यवर्ती मनोऱ्याभोवती सात भुजा आणि ६९८ कोठड्या होत्या. आज तीन भुजा उभ्या आहेत. प्रत्येक भुजेचं तोंड शेजारच्या भुजेच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसरा कैदी दिसू नये. हे लक्षात ठेवून मनोऱ्यावरून खाली पाहा, मग रचनेतली क्रूरता समजते. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही. सावरकरांची कोठडी पाहून लगेच परतू नका. भुजांतल्या पाट्यांवरची बंगाल, पंजाब आणि संयुक्त प्रांतातली नावंही वाचा. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न भरवताना महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र यांचा अंत झाला. ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची जागा आधी राखून ठेवा आणि हिंदी-इंग्रजी प्रयोगांच्या वेळा तपासा.

रॉस बेटाची बोट अबर्डीन जेट्टीवरून मिळते. वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळलेल्या ब्रिटिशकालीन इमारती पाहायला दीड-दोन तास पुरतात. त्यालाच जोडून नॉर्थ बेचं तिकीट विकलं जातं. हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणार असाल तर ते बिनधास्त गाळा. तुरुंग, संग्रहालयं आणि बेटं यांचा साप्ताहिक सुट्टीचा वार वेगवेगळा असतो. बेत पक्का करण्याआधी प्रत्येकाचा तपासून घ्या.

हॅवलॉक: दिवस कसा लावायचा

राधानगर किनारा जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटरवर, पश्चिमेला आहे. तिथे सूर्यास्त पाहायचा. कालापत्थर आणि विजयनगर पूर्वेला, तिथे सकाळ घालवायची. स्कूटर भाड्याने मिळते. परवाना मूळ हवा आणि हेल्मेट मागून घ्याच. घेताना गाडीच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, परत करताना ओरखड्यांवरून वाद होत नाही.

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोट जाते किंवा जंगलातून सुमारे दोन किलोमीटर चालत जाता येतं. पावसानंतर ती वाट चिखलाची होते. पहिल्या बोटीने जा: नंतर गर्दीने तळाची वाळू ढवळली जाते आणि पाणी गढूळ होतं. खोल ओहोटीची वेळ टाळा, कारण पाणी कमी झालं की पाय प्रवाळावर आपटतात. इथल्या उथळ प्रवाळांना २०१० सारख्या वर्षांत पाणी तापल्यामुळे मोठा फटका बसला आहे. छायाचित्रांतले झगझगीत रंग सगळीकडे दिसतील ही अपेक्षा ठेवू नका. मासे मात्र भरपूर दिसतात.

स्नॉर्केलिंगचा आनंद मास्कवर अवलंबून असतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला किंवा हवा शिरली तर दुसरा मागा, पट्टा आवळून काही होत नाही. उलट जास्त आवळल्याने कडा वाकून पाणी आत येतं. पाणी शिरण्याची नेहमीची कारणं म्हणजे कडेखाली अडकलेले केस आणि दाट मिशी. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी किंवा बेबी शाम्पूचा थेंब चोळून एकदाच विसळा. कमरेएवढ्या पाण्यात पाच मिनिटं तोंडाने संथ श्वास घेण्याचा सराव करा, मग पुढे जा. पोहता न येणाऱ्यांनी लाइफ जॅकेट घालून, रिंग धरून, मार्गदर्शकाबरोबरच जावं. प्रवाळावर उभं राहू नका: तो जिवंत प्राण्यांचा थर आहे, एका पावलाने तुटतो आणि वर्षाला फार थोडा वाढतो. पाठ आणि मांड्या जळू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट क्रीमपेक्षा उपयोगी.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल डुबकी, शिकवणारी केंद्रं हॅवलॉकला भरपूर आहेत. पोहता न येणाऱ्यांनाही पहिली ओळख-डुबकी घेता येते. मर्यादा १२ मीटर, किमान वय १० वर्षं. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण, उथळ पाण्यात सराव किती वेळ, बोटीवर प्राणवायूचा संच आहे का. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा झटके यांचा इतिहास असेल तर आरोग्यपत्रकात खरं लिहा आणि घरूनच डॉक्टरांचा दाखला आणा. गरोदरपणात डुबकी नाहीच. सर्दीत डुबकी घेऊ नका, नाक चोंदलं की मधल्या कानातला दाब जुळत नाही. उतरताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंका, तेही कान दुखण्याच्या आधी. दुखलं तर थोडं वर या, जोर लावू नका.

डुबकीनंतर विमानाला अंतर ठेवावं लागतं: एक डुबकी असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर १८ तास. शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. वरच्या आखणीत हॅवलॉक आधी ठेवण्याचं हेही एक कारण आहे.

मगरी आणि ओढ

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये एका पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला. खाडीचं तोंड, खारफुटी आणि ओढा समुद्राला मिळतो ती जागा, इथे पाण्यात उतरू नका, अंधार पडल्यावर कुठेच नाही. फलक असेल तिथे स्थानिक कुणी पोहत असलं तरी नाही. राधानगरला झेंड्यांच्या मधे, जीवरक्षकांच्या नजरेसमोर पोहा.

लाटांची रांग मधेच तुटलेली, पाणी गडद आणि फेस आत समुद्राकडे चाललेला दिसला, तर तिथे आत खेचणारा प्रवाह आहे. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमून माणूस बुडतो. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर या, मग तिरकं परत फिरा, आणि हात उंच करून मदत मागा.

नील: कोष्टक उघडून ठेवा

नील छोटं आहे, सायकलवर फिरता येतं. नैसर्गिक पूल लक्ष्मणपूर क्रमांक २ ला आहे आणि तिथवरची वाट ओहोटीतच मोकळी होते. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोचा, तळाला पुलाशी असा आणि पाणी चढू लागताच निघा. चप्पल नको, पकड असलेले, पट्टा बांधलेले बूट हवेत, कातळ शेवाळलेला असतो. डबक्यांतलं काही हाताने उचलू नका.

भरतपूरला उलट: काचतळाची बोट आणि स्नॉर्केलिंग पाणी भरलेलं असताना. सूर्योदयाला सीतापूर, सूर्यास्ताला लक्ष्मणपूर क्रमांक १.

बारातांगबद्दल

चुनखडीच्या गुहांसाठी बारातांगला जाणारा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगहून ठरलेल्या वेळी पोलिसांच्या ताफ्यात गाड्या सुटतात, म्हणून पहाटे तीन-चारला निघावं लागतं. वाटेत थांबणं, फोटो काढणं, काहीही देणं गुन्हा आहे. आमचं मत स्पष्ट आहे: या रस्त्यावरची गर्दी त्या लोकांच्या जगण्यात घुसखोरी करते, आणि पहिल्या सहलीत हा दिवस हॅवलॉकला देणं जास्त चांगलं. दिवस उरलाच तर वांडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर जा. बेट हंगामानुसार बंद-उघडं असतं, परवाना आधी काढावा लागतो आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक नेता येत नाही.

बरोबर काय घ्यायचं

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरमध्येच काढून ठेवा. छोट्या बेटांवर एटीएम मोजकी, कधी रिकामी. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं, तरी हॅवलॉक-नीलला ते मधूनच गायब होतं आणि डिजिटल पैसे अडकतात. तिकिटं, नकाशा आणि भरतीचं कोष्टक फोनमध्ये साठवून ठेवा, तिकिटांची एक प्रत कागदावरही.

सँडफ्लाय, म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या, सकाळ-संध्याकाळ चावतात आणि खाज आठवडाभर टिकते. पूर्ण पायजमा घाला, उघड्या वाळूवर लोळू नका, पायांना खोबरेल तेलाचा जाड थर द्या. खाजवून जखम केली तर दमट हवेत ती चिघळते.

औषधांच्या पिशवीत जंतुनाशक द्रावण, चिमटा, व्हिनेगरची छोटी बाटली, क्षारसंजीवनीची पाकिटं आणि रोजची औषधं ठेवा. जेलीफिशने डंख केला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. तंतू चिमट्याने काढा, चोळू नका. दुखणं थांबवायला सोसवेल इतकं गरम पाणी, ४० ते ४५ अंश, वीस मिनिटं. सागरी साळिंदराचा काटा टोचला तरी गरम पाणीच. श्वास लागला, चेहरा सुजला तर थेट रुग्णालय. प्रवाळाने कापलं तर जखम लगेच स्वच्छ पाण्याने भरपूर धुवून कण काढा, नाहीतर ती हमखास पिकते.

किनाऱ्यावरून काहीही उचलू नका, मेलेला प्रवाळही नाही. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. शिंपल्यांची वस्तू घ्यायचीच असेल तर अधिकृत दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवा. आदल्या रात्री मुलांचे खिसे आणि बुटांचे कोपरे रिकामे करा. तपासणीत अडकतात ते बहुधा तिथलेच शंख.